गुलामगिरी नसलेली अमेरिका कशी कल्पावी

अमेरिकेत गुलामगिरी कधी आलीच नसती तर? वर्गात, वादसभेत, कादंबरीचा आराखडा आखताना हा प्रश्न हमखास निघतो आणि बहुतेक वेळा दोन वाक्यांत मिटतो. कुणी म्हणतं, देश गरीब राहिला असता. कुणी म्हणतं, सगळं सुरळीत झालं असतं. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. हा प्रश्न शिस्तीने सोडवता येतो, आणि तसा सोडवला की ती व्यवस्था खऱ्या अमेरिकेच्या पिकांत, कायद्यांत आणि नकाशात किती खोल मुरली होती ते उलगडत जातं. त्याची रीत पुढे दिली आहे.

सामान थोडंच लागतं. १७९० आणि १८६० च्या जनगणनेचे राज्यवार आकडे, राज्यांच्या सीमा दाखवणारा नकाशा आणि चार रकान्यांची वही. रकाने असे: काय बदललं, कशामुळे बदललं, पुरावा काय, खात्री किती. शेवटच्या रकान्यात तीनच शब्द वापरा: पक्की, बरी, अंदाज. हा रकाना रिकामा राहिला की पुढचा सगळा मजकूर मनोरंजन ठरतो.

आधी कारण ठरवा

'गुलामगिरी घडली नाही' एवढं गृहीत धरणं पुरेसं नाही. ती का घडली नाही, हे ठरेपर्यंत पुढे काही लिहू नका, कारण प्रत्येक कारणातून वेगळा देश निघतो.

पहिला पर्याय: अटलांटिक ओलांडून चालणारा माणसांचा व्यापारच उभा राहिला नाही. हा सगळ्यांत मोठा बदल. या व्यापारात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. त्यांपैकी थेट उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आलेली चार लाखांहूनही कमी होती. म्हणजे हा पर्याय निवडला तर आधी ब्राझील आणि कॅरिबियन बेटं बदलावी लागतात, अमेरिका नंतर. बार्बाडोस आणि जमैकाची साखर गेली की न्यू इंग्लंडच्या खारवलेल्या माशांचं आणि लाकडाचं मोठं गिऱ्हाईक गेलं. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांची भरभराट जशीच्या तशी ठेवून हा पर्याय लिहिता येत नाही.

दुसरा पर्याय: व्यापार चालू राहिला, पण मुख्य भूमीवरच्या इंग्रज वसाहतींनी तो नाकारला. इथे नकाराला भक्कम कारण द्यावं लागतं, आणि ते टिकवावंही लागतं. का, ते जॉर्जियाच्या भागात येईल.

तिसरा पर्याय: आफ्रिकेतून माणसं आली, पण मुदतीच्या करारावर राबून मोकळी झाली. १६१९ मध्ये व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्टला वीसहून थोडे अधिक अंगोलन लोक उतरवले गेले, तेव्हा तिथे गुलामगिरीचा लिखित कायदा नव्हता. तो हळूहळू रचला गेला. १६४० मध्ये जॉन पंच हा आफ्रिकी नोकर दोन युरोपीय सोबत्यांबरोबर पळाला. सापडल्यावर त्या दोघांची मुदत काही वर्षांनी वाढली, त्याला मात्र जन्मभराची सक्ती झाली. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने ठरवलं की मुलाचा दर्जा आईप्रमाणे, म्हणजे गुलाम स्त्रीचं मूल जन्मतःच गुलाम. १६६७ मध्ये ठरलं की बाप्तिस्मा घेऊनही सुटका नाही. १७०५ मध्ये हे सगळं एका संहितेत बांधलं गेलं. तिसऱ्या पर्यायाचा वळणबिंदू १६४० ते १६६२ या पट्ट्यात ठेवा. पहिल्यांदाच हा अभ्यास करणाऱ्याने हाच पर्याय घ्यावा. पुरावा इथे सगळ्यांत घट्ट आहे आणि माणसं चित्रातून गळत नाहीत.

१७७६ किंवा १७८७ हे साल निवडण्याचा मोह टाळा. १७९० च्या जनगणनेत ३९ लाखांच्या देशात सुमारे ७ लाख लोक गुलाम होते. तिथून सुरुवात केली तर प्रश्न 'गुलामगिरी लवकर संपली असती तर' असा होतो. तो चांगला प्रश्न आहे, पण वेगळा. काटेकोर असाल तर स्पॅनिश फ्लोरिडाचाही विचार करा. १५६५ मध्ये वसलेल्या सेंट ऑगस्टीनमध्ये गुलाम आफ्रिकी होतेच, त्यामुळे 'कधीच' हा शब्द इंग्रज वसाहतींपुरता आहे की आजच्या साऱ्या अमेरिकी भूमीला लागू आहे, ते पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कारण का महत्त्वाचं, ते एका हिशेबाने पटेल. तो स्वतः करून पाहा. १७९० मध्ये व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१० होती, त्यात २,९२,६२७ गुलाम. १७९२ च्या वाटपात दर ३३,००० लोकांमागे प्रतिनिधिगृहाची एक जागा होती आणि अपूर्णांक सोडून दिला जाई. राज्यघटनेच्या तीन-पंचमांश कलमाने गुलामांच्या संख्येचे तीन-पंचमांश धरले जात. स्वतंत्र लोक ४,५४,९८३ अधिक १,७५,५७६, एकूण ६,३०,५५९. भागाकार केला की १९ जागा, आणि व्हर्जिनियाला खरोखर १९ च मिळाल्या. आता पहिला किंवा दुसरा पर्याय घ्या. ती माणसं आलीच नाहीत, म्हणून ४,५४,९८३ ला ३३,००० ने भागा. १३ जागा. तिसरा पर्याय घ्या. ती माणसं तिथेच आहेत, पण मोकळी, म्हणून पूर्ण मोजायची. २२ जागा. एकच राज्य, एकच साल, आणि व्हर्जिनिया एका कारणाने दुबळी तर दुसऱ्याने अधिक बलवान होते. अर्थात इतर राज्यांचे आकडे आणि स्थलांतरही बदललं असतं, म्हणून खात्रीच्या रकान्यात 'बरी' लिहा, 'पक्की' नाही.

कामाला हात कुणाचे

गुलामगिरी पुसली तरी तिला जन्म देणारी गरज पुसली जात नाही. जमीन अफाट होती, मजूर थोडे होते, आणि मोकळ्या माणसाला स्वतःची जमीन मिळत असताना तो दुसऱ्याच्या तंबाखूत कशाला राबेल? ती पोकळी कुणी भरली, हे लिहिलं नाही तर सगळी मांडणी हवेत राहते.

पर्याय त्या काळात हजर होते. गरीब युरोपीय चार ते सात वर्षांच्या करारावर येत. प्रवासखर्चाच्या बदल्यात ते मुदतभर बांधलेले असत. १७१८ ते १७७५ दरम्यान ब्रिटनने सुमारे ५०,००० कैदी अमेरिकी वसाहतींत पाठवले. आणि सगळ्यांत कडू पर्याय म्हणजे मूळ रहिवासी. १७०८ मध्ये साउथ कॅरोलायनाची एकूण लोकसंख्या दहा हजारांच्या आत होती आणि त्यात सुमारे १,४०० मूळ रहिवासी गुलाम होते. पकडलेले कितीतरी लोक जहाजाने कॅरिबियनला विकले जात. म्हणून पहिल्या पानावर आणखी एक ओळ हवी: तुमच्या गृहीतकात मूळ रहिवाशांची गुलामगिरीही बाद आहे का? ती राहिली असेल तर तुमची अमेरिका गुलामगिरीमुक्त नाही. बाद असेल तर दक्षिणेत मळेवाले आणि टोळ्या यांचे संबंध, मूळ रहिवाशांनी साउथ कॅरोलायनाविरुद्ध पुकारलेल्या १७१५ च्या यामासी युद्धाच्या कितीतरी आधीपासून, नव्याने लिहावे लागतील.

यानंतर पिकं एकेक करून तपासा. सगळी 'मळ्यांची शेती' म्हणून एकत्र धरली की चूक होते.

तंबाखू लहान शेतकऱ्याला कुटुंबाच्या बळावर जमतो. सतराव्या शतकात व्हर्जिनिया बराच काळ करारबद्ध गोऱ्या नोकरांवरच चालली. पुढे इंग्लंडात मजुरी वाढली, करारावर येणारे कमी झाले आणि त्याच सुमारास आफ्रिकी माणसांचा पुरवठा वाढला. म्हणून तंबाखू ठेवा, फक्त मोठ्या हवेल्या कमी करा.

भाताचं तसं नाही. साउथ कॅरोलायनाच्या दलदलीत बांध घालणं, पाणी खेळवणं आणि गुडघाभर चिखलात राबणं सक्तीशिवाय कुणी पत्करलं नाही. शिवाय भाताची जाण असलेली बरीच माणसं पश्चिम आफ्रिकेतूनच आली होती. तुमच्या देशात भात उरला तर तो थोडा, आणि चार्ल्सटन हे श्रीमंत शहर न राहता मध्यम बंदर. उसाचंही असंच: लुइझियानातला ऊस जवळजवळ वगळा.

कापसावर मात्र थांबा, कारण सगळ्यांत जास्त घसरतात ते इथे. १७९० मध्ये देशाचं उत्पादन काही हजार गाठींचं होतं, १८६० मध्ये सुमारे ४० लाख गाठींचं. अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. यावरून 'गुलाम नसते तर कापूस नसता, कापूस नसता तर उद्योग नसते' अशी साखळी सर्रास लावली जाते. तिच्या दोन कड्या कच्च्या आहेत. आखूड धाग्याचा कापूस डोंगराच्या पायथ्याला गोरे शेतकरी गुलामांशिवायही पिकवत. आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर, गुलामगिरी संपल्यावर, दक्षिणेचं कापूस उत्पादन १८७० च्या दशकाअखेर युद्धपूर्व पातळीच्या वर गेलं. म्हणजे गुलामगिरीविना कापूस पिकतो. पिकत नाही तो त्या वेगाने आणि त्या स्वस्ताईने. १७९० ते १८६० दरम्यान सुमारे दहा लाख माणसं जुन्या दक्षिणेतून नव्या कापूस पट्ट्यात हलवली किंवा विकली गेली, कुटुंबं तोडून. मोकळा माणूस अलाबामाच्या जंगलात असा हुकमाने जात नाही. तेव्हा तुमच्या नकाशावर कापूस पट्टा एक-दोन पिढ्या उशिरा भरा. उलट चूकही करू नका. युद्धानंतरचा कापूस वाटेकरी शेतीवर उभा होता, आणि कर्जात रुतलेला वाटेकरी फारसा मोकळा नव्हता.

मग अमेरिकी कापसावर चालणाऱ्या इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचं काय? त्याचं उत्तर १८६१ ते १८६५ मध्ये मिळालेलं आहे. अमेरिकी कापूस अडला तेव्हा ब्रिटनने हिंदुस्थान आणि इजिप्तकडून माल उचलला. हिंदी कापसाचा धागा आखूड होता, तो वारंवार तुटे, गिरणी कामगार वैतागत, आणि त्या काळात तिथे बेकारी व उपासमारही झाली. पण तो अचानक बसलेला धक्का होता. अमेरिकी कापूस पहिल्यापासूनच कमी असता तर यंत्रं आणि वाण त्याला धरून घडले असते. गिरण्यांची वाढ मंदावली असती, असं 'बरी' खात्रीने म्हणता येतं. थांबलीच असती, याला पुरावा नाही.

हवामानाचा मुद्दा कुणीतरी काढणारच: 'त्या उष्ण दलदलीत गोऱ्यांना काम झेपत नव्हतं.' त्याला उत्तर असं. तिथलं मरण मुख्यतः रोगांचं होतं. घातक जातीचा हिवताप, पीतज्वर आणि पीतज्वर पसरवणारा डास हे सगळं आफ्रिकेहून गुलामांच्या जहाजांतून आलं. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराने सुमारे ५,००० माणसं गेली, शहराच्या जवळजवळ दहावा हिस्सा. पहिल्या पर्यायात हे रोग उशिरा येतात किंवा कमी येतात, त्यामुळे दक्षिणेचा किनारा जास्त राहण्याजोगा ठरतो. तिसऱ्या पर्यायात जहाजं आलीच आहेत, म्हणून रोगही आले.

जॉर्जियाचा दाखला

कल्पना ताडून पाहायला प्रत्यक्ष घडलेले प्रसंग हवेत, आणि त्यांत जॉर्जिया सगळ्यांत मोलाचा. १७३३ मध्ये वसलेल्या या वसाहतीत तिचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्तांनी १७३५ मध्ये कायद्याने गुलामगिरीला बंदी घातली. हेतू बराचसा लष्करी होता. शेजारचा स्पॅनिश फ्लोरिडा पळून आलेल्या गुलामांना स्वातंत्र्य देत होता, म्हणून सीमेवर शस्त्र धरणारे लहान शेतकरी हवे होते. बंदी टिकली का? शेजारी साउथ कॅरोलायनातले मळेवाले श्रीमंत होताना दिसत होते. जॉर्जियात असंतुष्टांचा गट तयार झाला, अर्जांवर अर्ज गेले. १७३९ मध्ये डेरियनच्या स्कॉटिश वसाहतकऱ्यांनी बंदी ठेवा असा अर्ज केला, एबेनेझरचे जर्मनभाषक प्रोटेस्टंटही बंदीच्या बाजूने होते. तरी १७५१ च्या आरंभी ती उठली. तेव्हा तिथे पाचशेहून कमी असलेले गुलाम १७७५ पर्यंत सुमारे १८,००० झाले.

म्हणून दुसऱ्या पर्यायात एकट्या वसाहतीची बंदी लिहू नका. शेजारी गुलाम राबवून श्रीमंत होत असेल तर नैतिक बंदी पंधरा-वीस वर्षांत कोसळते. किमान मेरीलँडपासून जॉर्जियापर्यंत सगळ्यांनी एकदम नाकारायला हवं, किंवा लंडनहून हुकूम आणि आरमार दोन्ही हवं.

उलट बाजूचा दाखला ओहायो नदीच्या उत्तरेचा. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशाने तिथे गुलामगिरी बंद केली. तरी इलिनॉयमध्ये दीर्घ करारांच्या नावाने ती काही काळ रेंगाळली, आणि १८२४ मध्ये ती कायदेशीर करण्याच्या दिशेने टाकलेलं पाऊल मतदारांनी हाणून पाडलं. पण नदीच्या दोन काठांची तुलना वापरताना सावध राहा. उत्तर काठालाही दक्षिणेच्या गुलामी बाजाराचा फायदा मिळत होता, तिथलं धान्य आणि डुकराचं मांस नदीवाटे मळ्यांकडे जात होतं. गुलामगिरीने न शिवलेला भाग म्हणून तो दाखवता येत नाही.

साखळी तीन कड्यांची

वळणबिंदूपासून पुढे पंचवीस-पंचवीस वर्षांनी सरका. नियम असा: तीन कड्यांनंतर नवा पुरावा मिळाला नाही तर तिथेच थांबा. आणि वळणबिंदूनंतर एक पिढी उलटली की खरी नावं वापरू नका. १८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जेफरसनने ॲडम्सला ७३ विरुद्ध ६५ निर्वाचक मतांनी मागे टाकलं, आणि तीन-पंचमांश कलम नसतं तर तो हरला असता असं अनेक अभ्यासक मानतात. पण १६६२ ला इतिहास वळवलात, तर १७४३ मध्ये व्हर्जिनियाच्या मळेवाल्याच्या घरी जन्मलेला तो जेफरसन तुमच्याकडे नाहीच. तो हिशेब एका कलमाचं वजन दाखवायला वापरा, कथानकात नाही. लिंकनचंही तसंच. त्याच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडलं, ते काही अंशी गुलामगिरीमुळे आणि मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या घोळामुळे, असं तो स्वतःच सांगे.

चांगल्या साखळीचा नमुना पाहा, पहिल्या पर्यायातला. गुलाम नाहीत, म्हणून कॅरिबियन बेटावरच्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत (आजचा हैती) उसाचे मळे नाहीत. मळे नाहीत, म्हणून १७९१ चा उठाव नाही आणि तो मोडायला गेलेल्या फ्रेंच फौजेचा पीतज्वराने विनाशही नाही. नेपोलियनला लुइझियाना, म्हणजे तेव्हाचा मिसिसिपीच्या पश्चिमेचा अफाट प्रदेश, हवं होतं ते बरंचसं त्या बेटाला धान्य पुरवायला, आणि बेट हातचं गेल्यावर १८०३ मध्ये त्याने ते दीड कोटी डॉलरला विकलं. तीन कड्या झाल्या. आता तुमची अमेरिका मिसिसिपी नदीपाशी थांबते की पलीकडे जाते? इथे 'अंदाज' लिहा आणि दोन्ही फाटे खुले ठेवा. पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा ओळखीचा नकाशा न तपासता वापरणं ही सर्रास होणारी चूक.

दुसरी साखळी मेक्सिकोची. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली, आणि टेक्ससमधल्या अमेरिकी वसाहतकऱ्यांचं त्याच्याशी बिनसलं त्याचं एक ठळक कारण हेच. ते काढलं तर टेक्ससचं १८४५ चं अमेरिकेतलं विलीनीकरण आणि मेक्सिकोशी १८४६ चं युद्ध आपोआप घडत नाही. जमिनीची हाव मात्र उरते, म्हणून संघर्ष शून्यावर आणू नका. १८३० च्या कायद्याने दक्षिणेतल्या टोळ्यांना हाकललं गेलं, त्यात चेरोकींचे सुमारे ४,००० लोक दगावले असं मानतात. मागे कापसाच्या जमिनीची घाई होती. पण उत्तरेतही, जिथे कापूस नव्हता, टोळ्यांच्या जमिनी गेल्याच. गुलामगिरी काढून विस्थापनही पुसणारा लेखक स्वतःला फसवतो.

माणसं पुसू नका

१८६० मध्ये देशात ३९,५३,७६० गुलाम आणि ४,८८,०७० मोकळे कृष्णवर्णीय होते. पहिला पर्याय लिहिताना ही चव्वेचाळीस लाख माणसं आणि त्यांचे वंशज चित्रातून जातात. ते जाणं गुपचूप उरकलं, तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच अनुपस्थित करून अन्याय मिटवल्यासारखं होतं. म्हणून त्यांचा स्वतंत्र कागद करा. ती माणसं आफ्रिकेत राहिली असती तर सेनेगांबियात, बेनिनच्या आखाताकाठी, अंगोलात काय झालं असतं, याची निदान एक बाजू लिहा. तरुण माणसं पकडून नेण्यासाठी चाललेल्या लढाया कमी झाल्या असत्या, हे तर सांगता येतंच.

त्याच कागदावर, त्यांच्याविना अमेरिकेत काय नसतं ते लिहा. १७२१ मध्ये बॉस्टनला देवीची साथ आली, तेव्हा डॉक्टर बॉइल्स्टनने निरोगी माणसांना देवी टोचल्या. कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाने त्याचा आग्रह धरला, आणि मॅदरला ही पद्धत आफ्रिकेतली म्हणून सांगितली होती ती त्याच्या ताब्यातल्या ओनेसिमस या गुलामाने. बँजो, भेंडी, चवळी, तीळ, ब्लूज, जॅझ या गोष्टी यादीत येतीलच. पण शेवटी पुन्हा तिसऱ्या पर्यायाकडे या आणि विचारा: हीच माणसं मोकळी असती, त्यांना जमीन मिळाली असती, वाचायला बंदी नसती, तर काय घडवलं असतं? इथे पुरावा थोडा आहे पण आहे. सतराव्या शतकात व्हर्जिनियात अँथनी जॉन्सनसारखे मोकळे झालेले आफ्रिकी शेकडो एकर जमीन बाळगून होते.

वंशभेदही आपोआप मावळत नाही. तिसऱ्या पर्यायात तो किती सौम्य झाला असता, हे लिहिताना कायद्याचा धागा धरा. १७९० च्या नागरिकत्व कायद्याने परदेशी माणसाला नागरिक होण्यासाठी 'मुक्त गोरी व्यक्ती' ही अट घातली. पिढीजात गुलामीला रंगाची अट लावणारे कायदे नसते, तर ही अट कुठून येती? मूळ रहिवाशांविरुद्धच्या संघर्षातून ती येऊ शकते. 'अंदाज' लिहून पुढे जा.

युद्धानंतरच्या कायद्यांचा हिशेब

१८६१ चं यादवी युद्ध जातं, त्यातले सहा लाखांहून अधिक मृत्यूही जातात. याबद्दल खात्री पक्की ठेवता येते, कारण राज्यं फुटण्याएवढा दुसरा वाद देशात नव्हता. पण युद्धाबरोबर आणखी काय जातं ते बहुतेक जण तपासतच नाहीत.

काही गोष्टी लवकर येतात. शेतकऱ्याला फुकट जमीन देणारं विधेयक अध्यक्ष ब्युकॅनन यांनी १८६० मध्ये नाकारलं, राज्यांना महाविद्यालयांसाठी जमीन देणारं १८५९ मध्ये. दोन्हींना दक्षिणेचा विरोध होता. दक्षिणेचे सदस्य काँग्रेस सोडून गेले आणि १८६२ मध्ये दोन्ही कायदे, शिवाय पॅसिफिक रेल्वेचा कायदा, मंजूर झाले. मळेवाल्यांचा गट नसलेल्या देशात हे एक-दोन दशकं आधी ठेवायला हरकत नाही.

काही गोष्टी मात्र नाहीशा होतात. १८३३ च्या बॅरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की हक्कांची सनद, म्हणजे भाषण, धर्म अशा स्वातंत्र्यांची हमी देणाऱ्या घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या, फक्त केंद्र सरकारला बांधते, राज्यांना नाही. राज्यांवर बंधन आलं ते १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधाराने. जन्माने नागरिकत्वाची लिखित हमी आणि कायद्यापुढे समान संरक्षणही तिच्यातलंच. ती दुरुस्ती झाली ती नुकत्याच मुक्त झालेल्या चाळीस लाख लोकांसाठी. तुमच्या अमेरिकेत ते युद्ध नाही, ती मुक्ती नाही, मग एखाद्या राज्याने छापखाना बंद केला किंवा एखाद्या पंथाला हाकललं तर नागरिक कुठल्या कलमाखाली दाद मागेल? वहीत या प्रश्नासाठी पूर्ण पान सोडा. राज्यांच्या स्वतःच्या घटना, इंग्रजी परंपरेतला जन्मसिद्ध प्रजेचा नियम, किंवा दुसऱ्या एखाद्या संघर्षातून आलेली दुरुस्ती, यांपैकी एक वाट निवडा आणि ती कोणत्या दशकात व कुणाच्या रेट्याने आली ते नाव न घेता, गटाने लिहा.